वामनमूर्ती योकोझुना : तोचिनिशिकी

बेळगाव-कोल्हापूरकडील जत्रांत कुस्त्यांचा फड ज्यांनी पाहिला असेल त्यांस जोड लावणे म्हणजे काय हे सांगावयास नको. पंच दोन पठ्ठ्यांस शेजारी शेजारी उभे करतात, अंगलट न्याहाळतात, वय विचारतात, आणि मगच हातात हात देऊ देतात. फारच विजोड जोडी असली तर प्रेक्षकच गिल्ला करून ती मोडतात. जपानातील सुमो नावाच्या मल्लविद्येत ही दयामाया नाही. तेथे वजनाचे गट पाडलेले नाहीत. अडीच मणांचा मल्ल पाच मणांच्या मल्लासमोर उभा राहतो, आणि कोणासही त्यात अन्याय वाटत नाही.

सुमोचा आखाडा आपल्याकडील हौद्यासारखा खोदलेला नसून चिकणमाती धोपटून केलेला उंच चौथरा असतो. त्यावर भाताच्या पेंढ्याच्या वळकट्या अर्ध्या पुरून एक वर्तुळ आखलेले असते. १९३१ सालापासून या वर्तुळाचा व्यास ४.५५ मीटर, म्हणजे सुमारे पंधरा फूट आहे. प्रतिस्पर्ध्यास चीत करावे लागत नाही. त्याचे पाऊल वर्तुळाबाहेर पडले, किंवा तळपायाखेरीज अंगाचा कोणताही भाग मातीस टेकला, की निकाल लागला. बहुतेक झुंजी काही क्षणांतच आटोपतात. असल्या खेळात देहाचा नुसता भारच केवढे शस्त्र ठरत असेल हे वाचकांच्या ध्यानी येईलच.

प्रत्येक स्पर्धेपूर्वी मल्लांची श्रेणीवार यादी लागते. जिंकणारा वर चढतो, हरणारा खाली उतरतो. या शिडीच्या अगदी माथ्यावर योकोझुना हे पद आहे. त्या पदावरील मल्ल समारंभप्रसंगी कमरेस जाड पांढरा दोर बांधतो. या पदाचा एक नियम मोठा विलक्षण आहे. योकोझुनास खाली उतरविता येत नाही. तो हरू लागला, तर त्याने आपण होऊन आखाडा सोडावा अशी अपेक्षा असते. म्हणजे माथ्यावर पोचलेल्या मल्लास परतीची वाटच नाही. तेथून निघावयाचे ते थेट बाहेर.

या पदावर चढलेल्यांपैकी चव्वेचाळिसावा मल्ल तोचिनिशिकी हा होय. त्याची उंची सुमारे पाच फूट दहा इंच होती. आपल्याकडे अशा माणसास कोणी ठेंगू म्हणणार नाही, पण ज्यांच्यामध्ये तो वावरला त्यांच्यात तो लहान चणीचाच गणला गेला, आणि उमेदीच्या काळात त्याचे वजन तर चिंतेचाच विषय होते.

त्याचे मूळ नाव ओत्सुका कियोशी. जन्म २० फेब्रुवारी १९२५ चा, तोक्योच्या पूर्व सीमेवरील कोइवा या गावचा. हे गाव पुढे महानगराच्या पोटात गेले. वयाची चौदा वर्षे पुरी होण्याआधीच तो कासुगानो नावाच्या तालमीत दाखल झाला, आणि जानेवारी १९३९ मध्ये त्याने पहिल्या स्पर्धेत पाऊल ठेवले. जपानी मल्लविद्येच्या इतिहासात त्या स्पर्धेस वेगळेच स्थान आहे. फुताबायामा या महामल्लाची लागोपाठ ६९ विजयांची मालिका तेथेच खंडित झाली. सगळा देश त्या एका पराभवाविषयी बोलत असता, शिडीच्या तळाशी झुंजणाऱ्या एका किरकोळ पोराकडे कोणाचे लक्ष जाणार?

एका माणसाचे मात्र गेले होते. तो म्हणजे तालमीचा वस्ताद. त्याची ओळख थोडी सविस्तर करून द्यावयास हवी, कारण त्याच्यावाचून पुढील कथेस अर्थ उरत नाही.

वस्तादाचे आखाड्यातील नाव तोचिगियामा. तोही योकोझुना होता, सत्ताविसावा. आणि गंमत अशी की तोही अंगाने लहान होता. उंची अवघी १७३ सेंटिमीटर, वजन शंभर किलोंच्या किंचित वर. १९१६ साली ताचियामा या प्रचंड मल्लाची ५६ विजयांची मालिका मोडून त्याने नाव मिळविले आणि १९१८ साली तो सर्वोच्च पदी पोचला. पुढे १९२४ मधील दोन्ही स्पर्धा आणि १९२५ मधील पहिली स्पर्धा अशी सलग तीन अजिंक्यपदे त्याने जिंकली, आणि चवथीची वाट न पाहता तो निवृत्त झाला. वय होते तेहतीस. लोक थक्क झाले. शक्ती संपली म्हणून तो गेला असे म्हणावे, तर सहा वर्षांनी, १९३१ साली, व्यावसायिक मल्लांची एक विशेष स्पर्धा भरली तेव्हा हा निवृत्त गृहस्थ तीत उतरला आणि ऐन भरातील मल्लांस हरवून ती जिंकून घरी गेला! अंगात एवढे बळ शिल्लक असता आखाड्याकडे पाठ फिरविणारा हा वस्ताद कियोशीच्या वाट्यास आला.

या तालमीतील मल्लांची नावे बहुधा ‘तोचि’ या अक्षरांनी आरंभ पावतात. आपल्या संतवाणीत वाढलेल्या कानांस हा शब्द फारच ओळखीचा वाटतो, परंतु त्याचा आपल्या ‘तोचि’शी काही संबंध नाही. तो वस्तादाच्या मूळ प्रांताच्या, तोचिगीच्या नावातून आलेला आहे. ‘निशिकी’ म्हणजे किनखापासारखे भरजरी वस्त्र. कियोशीचे पुढे तोचिनिशिकी झाले ते असे.

तालमीतील नवख्याचे जिणे भरजरी मुळीच नसते. उजाडण्यापूर्वी उठावे, प्रथम आखाड्यात उतरावे, मग स्वयंपाकास हातभार लावावा, थोरांस वाढावे आणि उरलेसुरले शेवटी आपण खावे. ज्यास वजन वाढविण्याची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच ताटात सर्वांत कमी पडावे, ही तेथील रीत. कियोशीने पाच वर्षे ती सोसली, आणि १९४४ साली तो दुसऱ्या वर्गात, म्हणजे वेतन मिळणाऱ्या मल्लांत जाऊन बसला. पण तेवढ्यात युद्धाने गाठले. त्यास सैन्यात जावे लागले. मार्च १९४५ मधील हवाई हल्ल्यात तोक्योचा पूर्व भाग बेचिराख झाला, आणि सुमोचे भव्य क्रीडागृहही जळाले. कियोशी परतला तेव्हा शहरात खावयास अन्न नव्हते, मल्लांस झुंजावयास छप्पर नव्हते. जून १९४७ मध्ये तो सर्वोच्च वर्गात आला, ती स्पर्धा मेइजी देवस्थानाच्या बाह्य उद्यानात उघड्या आकाशाखाली भरली होती. तेव्हाही त्याचे वजन शंभर किलोंस पोचले नव्हते. पुढे ज्यांच्याशी त्यास झुंजावयाचे होते त्यांपैकी अझुमाफुजी हा पावणेदोनशे किलोंच्या घरातला होता.

मग त्याने काय केले? त्याने धरले. प्रतिस्पर्ध्याच्या कमरपट्ट्याचा एक पदर, एक मनगट, एक पाय, जे हाती लागेल ते धरले आणि सोडले नाही. धडक बसली, फेकला गेला, कडेच्या पेंढ्यावर टाचा टेकल्या, तरी मूठ सुटावयाची नाही. यामुळे प्रेक्षकांनी त्यास एका विषारी सर्पाचे नाव दिले. आपल्या फुरशाच्या जातीचा हा साप जपानात सर्वत्र आढळतो, आणि एकदा चावला की सुटत नाही अशी तेथील लोकांची समजूत आहे. नाव काही गौरवाचे नव्हे, पण ते प्रेमाने दिलेले होते.

नुसत्या चिवटपणावर मात्र कोणी वर चढत नाही. तोचिनिशिकीजवळ डावांची अपार संपत्ती होती. प्रतिस्पर्ध्याच्या बाहेरच्या बाजूने कमरपट्टा धरावयाचा, आणि त्याने जोर करताच स्वतः तिरके मागे सरून त्यास त्याच्याच जोरासह ओढून मातीत घालावयाचे, हा त्याचा हुकमी डाव. जड माणूस जितक्या त्वेषाने येईल तितका तो जोरात पडावयाचा. याहून नवल वाटावे असा एक प्रसंग जुन्या रसिकांच्या आठवणीत राहिला. फुदोइवा नावाचा एक मल्ल सात फूट उंचीचा होता. १९५० च्या सुमारास या ताडमाड माणसाशी गाठ पडली असता तोचिनिशिकी वाकून त्याच्या काखेखाली शिरला, त्यास खांद्यापाठीवर घेतले आणि मागे झुकून त्यास पालथा केला. हा डाव इतका दुर्मीळ आहे की अनेक मल्लांच्या साऱ्या कारकीर्दीत तो एकदाही घडत नाही. नोव्हेंबर १९४७ पासून उत्तम कौशल्यासाठी एक विशेष पारितोषिक देण्यात येऊ लागले. तोचिनिशिकीने ते नऊ वेळा मिळविले.

त्याच्या स्वभावाची खरी पारख मात्र मला एका निराळ्याच स्पर्धेत झालेली दिसते. सर्वोच्च वर्गातील मल्लास स्पर्धेच्या पंधरा दिवसांत पंधरा झुंजी द्याव्या लागतात. आठ जिंकल्या तर श्रेणी टिकते, आठ हरल्या तर उतरते. जानेवारी १९५१ मध्ये तोचिनिशिकी पहिले सातही दिवस हरला. आणखी एक पराभव, की अधोगती निश्चित. अशा वेळी मनुष्य मनाने आधी पडतो, देहाने नंतर. आठव्या दिवशी तो जिंकला. नवव्या दिवशी जिंकला. असे करीत पुढील आठही दिवस त्याने जिंकले! अजिंक्यपदांची वर्णने पुष्कळ होतात. मला हे आठ दिवस त्यांहून मोठे वाटतात.

सप्टेंबर १९५२ मध्ये त्यास पहिले अजिंक्यपद मिळाले आणि तो योकोझुनाच्या खालच्या, ओझेकी या पदावर चढला. १९५४ च्या मे आणि सप्टेंबर अशा लागोपाठच्या दोन स्पर्धा जिंकताच सर्वोच्च पद त्याच्या पुढ्यात आले. पण तेथे आधीच चार योकोझुना विराजमान होते. पाचव्यास जागा कशी द्यावयाची, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा त्या चौघांतील ज्येष्ठ, तोच वर उल्लेखिलेला अझुमाफुजी, निवृत्त झाला आणि वाट मोकळी झाली.

यापुढे मीही त्यांचा एकेरी उल्लेख करणे बरे नव्हे.

नियुक्तीची वार्ता घरी आली तेव्हा तालमीत आनंदीआनंद झाला असणार. वस्ताद तोचिगियामा यांनी आपल्या या शिष्यास दत्तक घेतले होते. वस्तादाच्या पाठोपाठ पुत्रही योकोझुना, असा दुर्मीळ योग जुळून आला होता. त्या दिवशी वस्तादांनी त्यांस जो उपदेश केला तो जपानात आजही सांगितला जातो. त्यात अभिनंदन नव्हते. आजपासून दररोज, आखाडा केव्हा व कसा सोडावयाचा याचाच विचार करीत जा, असा त्याचा आशय होता.

मी व्यवसायाने शिक्षक आहे. बक्षीस समारंभाच्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलास असले काही सांगण्याचे धैर्य मला व्हावयाचे नाही. किंबहुना प्रथम वाचले तेव्हा मला त्या उपदेशात निष्ठुरताच दिसली. ज्या मुलाने आयुष्यभर न सोडणे हीच एक विद्या साधली, त्यास यशाच्या पहिल्याच घटकेस सोडावयाचे कसे ते शिक, असे बजावावयाचे! पण वर सांगितलेला नियम आठवला, म्हणजे हे बोलणे किती व्यवहारी होते ते कळते. बलाढ्य देहाचा योकोझुना शक्ती ओसरल्यावरही काही काळ भारावर तग धरू शकतो. लहान देहाचा मल्ल ढासळू लागला की एकदम ढासळतो. त्यास झाकावयास काही नसते. हे त्या वस्तादास स्वतःच्या देहावरून ठाऊक होते.

पुढील वर्षे सोपी गेली नाहीत. मे १९५५ मध्ये पाचवे अजिंक्यपद मिळाले, आणि मग दोन वर्षांहून अधिक काळ एकही नाही. दुखापतींनी घेरले. आता हे संपले, असे अनेकांस वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्यांनी या काळात एक गोष्ट केली, ती तिशी उलटलेल्या खेळाडूस सहसा साधत नाही. त्यांनी आपली सारी पद्धतच बदलली. वजन हळूहळू १३० किलोंपर्यंत नेले. आणि ज्या चपळ डावांनी त्यांस कीर्ती दिली ते बाजूस ठेवून, समोरून सरळ भिडून, छातीस छाती लावून रेटण्याची थोर मल्लांची रीत त्यांनी उचलली. सप्टेंबर १९५७ मध्ये सहावे अजिंक्यपद आले. त्यानंतर आणखी चार आले. एकूण दहांपैकी निम्मी अजिंक्यपदे त्यांनी बत्तीस वर्षांचे झाल्यावर मिळविली आहेत.

या उत्तरार्धास रंग भरला तो वाकानोहाना यांच्यामुळे. हे वयाने तीन वर्षांनी लहान, उंचीने जेमतेम इंचभर अधिक, आणि वजनाने तर त्यांच्याहूनही हलके. १९५८ च्या आरंभी तेही योकोझुना झाले. म्हणजे राक्षसांच्या या खेळात सर्वांत वरच्या दोन गाद्या आता लहानखुऱ्या माणसांनी व्यापल्या! १९५३ पासून जपानात सुमोचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण होऊ लागले होते, आणि या दोघांची झुंज पाहण्यासाठी लोक पडद्यांभोवती दाटी करीत. दोघांच्या ३४ झुंजी झाल्या. १९ तोचिनिशिकींनी जिंकल्या, १५ वाकानोहानांनी.

मे १९५९ मध्ये चौदा दिवस अपराजित राहून तोचिनिशिकी अखेरच्या दिवशी वाकानोहानांकडून हरले. बरोबरी झाल्यामुळे पुन्हा झुंज लावण्यात आली, तीही हरले. जुलैमध्ये त्यांनी पंधराच्या पंधरा झुंजी जिंकल्या. असे पूर्ण निर्मळ यश त्यांस साऱ्या आयुष्यात एकदाच लाभले. ते पाहावयास वस्ताद होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये तोचिगियामा निवर्तले, आणि अजून स्वतः झुंजत असलेल्या शिष्यावर तालमीचा सारा भार येऊन पडला. सकाळी मुलांस शिकवावयाचे, दुपारी स्वतः आखाड्यात उतरावयाचे. जानेवारी १९६० मध्ये दहावे अजिंक्यपद मिळाले.

मग मार्च आला. ओसाका येथील स्पर्धेत चौदा दिवस दोन्ही योकोझुना अपराजित राहिले आणि पंधराव्या दिवशी समोरासमोर आले. दोन योकोझुनांनी एकही झुंज न हरता अखेरच्या दिवशी एकमेकांस भिडावे, असे त्यापूर्वी कधीच घडले नव्हते. मैदान वाकानोहानांनी मारले. तोचिनिशिकींच्या नावे चौदा विजय आणि एक पराभव लागला. पस्तिशीच्या मल्लास याहून अधिक कोणी काय मागावे?

मेमधील स्पर्धेचा पहिला दिवस ते हरले. दुसरा दिवसही हरले. आणि त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

वर्षारंभीचे अजिंक्यपद, त्यामागून चौदा विजय, आणि मग केवळ दोन पराभव. एवढ्यावर आखाडा सोडणे अनेकांस घाईचे वाटले असेल. १९५१ साली सात पराभवांनंतर आठव्या दिवशी उभा राहिलेला हाच तो मनुष्य. त्यास तिसऱ्या दिवशी उभे राहणे जड नव्हते. पण तेव्हा तो शिडीच्या मधल्या पायरीवर होता, आता माथ्यावर होता. साडेपाच वर्षे रोज ज्या गोष्टीचा विचार करावा म्हणून वस्तादांनी सांगितले होते, ती गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या पराभवात त्यांनी ओळखली असावी. ओळखून घ्यावयास सांगणारा मात्र तेव्हा हयात नव्हता.

पुढील तीस वर्षे ते कासुगानो या नावाने वावरले. तालमीतून तोचिनोउमी हा आणखी एक लहान चणीचा मल्ल १९६४ साली योकोझुना झाला, म्हणजे एकाच घरात या चणीचे तीन योकोझुना झाले. १९७४ साली कासुगानो जपानच्या सुमो संघाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या अध्यक्षतेखाली तोक्योच्या र्‍योगोकू भागात नवे विशाल क्रीडागृह उभे राहिले आणि जानेवारी १९८५ मध्ये तेथे पहिली स्पर्धा भरली. एवढी वास्तू त्यांनी कर्ज न काढता बांधविली, याचे लोकांस फार कौतुक वाटले. त्याच वर्षी त्यांस साठ वर्षे पुरी झाली. साठी गाठणाऱ्या योकोझुनाने तांबडा दोर बांधून एकवार आखाड्यात उतरावे असा तेथे संकेत आहे. तोचिगियामांनी १९५२ साली तो पाळला होता, शिष्यानेही पाळला.

संघाच्या नियमाप्रमाणे त्यांस पासष्टाव्या वर्षापर्यंत, म्हणजे १९९० पर्यंत, अधिकारपदावर राहता आले असते. १९८८ साली, दोन वर्षे हाती असताना, त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि ते वाकानोहाना यांच्या हाती दिले. १० जानेवारी १९९० रोजी, पासष्टावा वाढदिवस सव्वा महिन्यावर आला असता, त्यांचे निधन झाले. तालीम तोचिनोउमी यांच्याकडे गेली.

कोइवाच्या रेल्वे स्थानकात त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारलेला आहे. सकाळ-संध्याकाळ तोक्योस जाणारे-येणारे हजारो लोक त्याच्या अंगावरून जातात, आणि एकमेकांची चुकामूक होऊ नये म्हणून भेटीची जागा ठरविताना कित्येकजण तो पुतळाच सांगतात.